माझा उजेड कमी नव्हता

मी एक जुना दिवा आहे. पण मित्रांनो, टेबलावर मिरवणारा किंवा दिवाणखान्यात झुलणारा नव्हे. न्हाणीघराच्या छताला गोल भोक पाडून त्यात मला ठोकून बसवले आहे. वर काळोखी पोकळी, खाली काच आणि आत करकचून ताणलेल्या स्प्रिंगा. कारखान्यात माझ्या पत्र्याला आकार मिळाला, पांढरा रंग चढला, तेव्हा वाटले होते, आता जग बघायला मिळेल. मिळाले काय? एक नळ, एक बादली आणि माणसांची टाळकी!

तरी सुरुवातीला कौतुक झाले. घरातले आजोबा घड्याळे दुरुस्त करायचे. बारीक स्क्रू चिमट्यात धरण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. मी पहिल्यांदा लागलो तेव्हा ते म्हणाले, "वा! सुई पडली तरी दिसेल." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली. काचेत मेलेली चिलटे साठली, वाफेने कड गंजली, पण कोणी वर पाहिले नाही.

मग आजोबा वर पाहू लागले, तेही दोष द्यायला. दाढी करताना गाल कापला, दोष माझा. उंबऱ्याला ठेच लागली, दोष माझा. "मेला हा दिवा!" म्हणत त्यांनी बल्ब बदलला. थोड्याच दिवसांत पुन्हा बदलला. माझा उजेड तसूभरही कमी झाला नव्हता. पण सांगणार कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे झाले.

आजींना खरे कारण कळले होते. पण "अहो, एकदा डोळे दाखवून घ्या," म्हणताच आजोबा तडक खोलीबाहेर.

एके सकाळी ते आणखी एक नवा बल्ब घेऊन स्टुलावर चढले. बटण बंद करून त्यांनी काच काढली आणि हात थेट माझ्या पोटात घातला. चाचपडताना बोटातली अंगठी आतल्या स्प्रिंगच्या आकड्यात अडकली. हिसका दिला, तसे स्टूल डुगडुगले.

"अगं, लवकर ये! हात अडकला!"

आजी धावल्या आणि त्यांनी आजोबांचे पाय कवटाळले. सोडून कोणाला बोलवायला जावे, तर आजोबा खाली येणार. ते माझ्यात अडकले, आजी त्यांच्यापाशी, आणि मी तर जन्माचाच अडकलेला.

"ओढू नका, बोट जाईल," आजी म्हणाल्या. "आणि आता माझं ऐका. आज तुम्हाला पळता यायचं नाही."

"ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे. बल्ब चांगला आहे हो. लावला की मला तिथल्या कोपऱ्यातला केससुद्धा दिसतो. मोतीबिंदू झालाय तुम्हाला."

आजोबांनी हिसके देणे थांबवले; मला आतून कळले.

"वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं," ते हळूच म्हणाले. "मग त्यांना काहीच दिसेना. शेवटपर्यंत खाटेवर बसून राहिले. अगं, आहे तेवढं तरी राहू दे."

"एवढं मनात होतं, आणि राग काढलात दिव्यावर?" आजी म्हणाल्या. "मी येते बरोबर. नुसतं विचारून तर बघू."

आजोबांनी मोकळा हात खाली आजींच्या खांद्यावर ठेवला.

"बरं. चल," आजोबा म्हणाले.

मग आजींनी एका हाताने बेसिनवरचा ओला साबण वर दिला. आजोबांनी फेस बोटावर चोळला. बोट सुटले, अंगठी माझ्यातच लटकत राहिली. ती दुपारी वायरमनने काढून दिली.

पुढे ऑपरेशन नीट झाले. पट्टी निघाल्यावर आजोबा न्हाणीघरात आले आणि त्यांनी बटण दाबले.

"बल्ब बदललास?"

"तोच आहे हो."

ते आजींकडे पाहतच राहिले. "तुझे केस एवढे कधी पिकले गं?"

"तुम्ही दिव्याशी भांडत होतात तेव्हा," म्हणून आजी हसल्या.

मित्रांनो, मी अजून याच भोकात आहे आणि इथेच गंजून जाईन. उजेड कमी वाटला तर आधी काच पुसा. तरी अंधुक दिसले तर डोळे तपासा. स्टुलावर एकटे चढू नका. आणि कसली भीती वाटत असेल, तर ती आपल्या माणसाला सांगा. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.