प्रभाकरच्या गाडीचं नाक

सौंसरच्या बसस्टँडमागं प्रभाकर मिस्त्रीचं गॅरेज होतं, अन् गॅरेजमधे त्याची ती गाडी. दोन दाराची, जुनी, मद्रासकडून आलेली. प्रभाकरनं तिचा टप काढून टाकला, चारही स्प्रिंगा कापल्या, अन् गाडी इतकी खाली बसवली का रस्त्यावरच्या मुंगीले ती येतांना दिसली का मान खाली घालून बसा लागे. आत बसलेल्या माणसाले बैलांचे फक्त गुडघे दिसत. लोधीखेड्याच्या एका म्हाताऱ्याची चंची रस्त्यात पडली होती, ती प्रभाकरनं चालत्या गाडीतून हात बाहेर काढून उचलून देल्ली. खोटं वाटत असन त म्हाताऱ्यालेच विचारलं असतं, पण तो आता राहिला नाही.

सारं गाव हौसेनं त्या गाडीत बसे. एक माणूस सोडून. ते माणूस म्हणजे प्रभाकरची बायको, सरला.

सरला शाळेत मास्तरीण. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी छिंदवाड्याले निघाली, त गाडी सिलेवानीच्या घाटात अर्ध्यावर बसली. नव्या नवरीले शालू सावरत संत्र्याच्या ट्रकात चढा लागलं. माहेरच्या दारात ती उतरली तेव्हा तिच्या मायनं आधी संत्रे उतरवून घेतले, मंग पोरगी. तेव्हापासून सहा वर्षं झाली, सरलानं गाडीले पदराचं टोकही लावलं नव्हतं.

गाडी काऊन बसते, हे प्रभाकरले माहीत होतं. खाली बसवल्यानं बॉनेटमधे वारा खेळत नव्हता. इंजिनाले पाहिजे थंडी हवा, अन् ते बिचारं आपल्याच पोटातली गरम हवा ओढून राहिलं होतं. घाटाच्या पायथ्याशी बॉनेटमधे वांगं ठेवलं त तिसऱ्या वळणावर भरीत तयार. फक्त मीठ अन् तिखट टाका.

त्यातच पांढुर्ण्याचे रघुनाथराव, संत्र्याचे व्यापारी, गाडीच्या मागं लागले. त्यायले ती वरातीसाठी पाहिजे होती.

"मिस्त्री, हे गाडी धावाच्या कामाची नाही. नवरदेव बसवतो, चारी बाजूनं झेंडू लावतो, अन् बँडच्या मागं मागं पायी चालल्यासारखी नेतो. कशी वाटते?"

प्रभाकरले ते ऐकून रडूच आलं. घरी येऊन त्यानं सरलाले सांगतलं. सरला वह्या तपासून राहिली होती. तिनं मान वर केली नाही.

"देऊन टाका."

"सरला!"

"मंग एक करा. येत्या रविवारी मले घाट चढवून दाखवा, मधात न थांबता. चढली त मी जलमभर त्या गाडीत बसीन. थांबली त सोमवारी गाडी रघुनाथरावच्या दारात."

प्रभाकर हो म्हणाला. रात्रभर कूस बदलत राहिला, पण हो म्हणाला.

गाडीले नाक लावा लागणार होतं. तेही बाहेर, जिथं थंडी हवा आहे तिथं. मोटारपंपाचा जाड रबरी पाईप त्यानं इंजिन जिथून हवा ओढते त्या कार्बोरेटरच्या तोंडाले बसवला अन् पाईपाच्या दुसऱ्या टोकाले रॉकेलचं मोठं नरसाळं. आता हे नरसाळं ठेवाचं कुठं, एवढाच प्रश्न होता.

पहिलं त्यानं ते समोर बंपरच्या खाली बांधलं. सावलीची जागा, समोरून वारा, अजून काय पाहिजे? बुधवारी गाडी पांढुर्ण्याच्या रस्त्यानं काढली. काय पळाली बाप्पा! पोपट मागं पडले. पण दिवस कापसाचे. जिनिंगकडं बैलबंड्यांची रांग लागली होती, अन् हरेक बंडीतून कापूस गळून राहिला होता. रस्ता पांढरा झालता. त्या पांढऱ्या रस्त्यावर वीतभर उंचीवर नरसाळं आ करून चाललं होतं.

पांढुर्ण्याच्या अलीकडं गाडीले ठसका लागला. मंग दुसरा. मंग ती उभीच राहिली. प्रभाकरनं पाईप काढला अन् आत हात घातला, त कापूस. ओढला, त अजून कापूस. ओढता ओढता रस्त्याच्या कडेले एवढा ढीग झाला का एक पिंजारी सायकलवरून उतरला अन् म्हणाला, "गादी भराची का उशा?"

नेमके तिथंच रघुनाथराव जीपमधून आले; शर्तीची गोष्ट त्यायच्या कानावर गेलीच होती. हसता हसता त्यायचं धोतर सुटाले आलं.

"मिस्त्री, रविवारपर्यंत सांभाळा बरं माझ्या गाडीले. पेंटरले मी सांगून ठेवलं आहे."

"अजून तुमची झाली नाही, रावसाहेब."

"होते, होते. मले घाई नाही."

घरी आल्यावर प्रभाकरनं नरसाळं मडगार्डच्या आत लावून पाहिलं. तिथं चाक माती फेके. शिवाय त्या गाडीचं बॉनेट मडगार्डासकट पुढं उघडे, म्हणजे दरवेळी पाईप उपसा लागे. बॉनेटच्या मधात भोक पाडाव त खाली रेडिएटरची वाफ. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी तो गॅरेजमागच्या शेताच्या धुऱ्यावर नरसाळं मांडीवर घेऊन बसला, जसं काही लेकरूच आजारी आहे.

समोरच्या खळ्यात शांताबाई तूर उपणून राहिली होती. उंच तिवईवर उभी, हातात सूप. दाणे सरळ खाली, कोंडा उडून दूर.

"काय प्रभाकरभाऊ, रॉकेल संपलं का?"

"शांताबाई, तू एवढ्या उंच काऊन चढते? खाली उभी राहून नाही उपणता येत?"

"येते ना. मंग सारा कोंडा नाकात. खालचा वारा म्हणजे मातीचा वारा, भाऊ. वरचा कसा, धुतल्यावानी. पण तितकंच नाही." तिनं सूप थांबवलं. "वारा कुठं येऊन दाबते, ते पाहा लागते. तिथं तोंड करून उभं राहा लागते. आमच्या मायनं आधी पदर सोडून पाहाचं शिकवलं, मंग तिवई मांडाचं."

प्रभाकर उठला. उठला काय, पळालाच.

घरी सरलाचा स्वेटर अर्धा विणून पडला होता. त्यानं त्यातली लाल लोकर तोडली, बोटभर बोटभर तुकडे केले अन् बंपरपासून काचेपर्यंत साऱ्या बॉनेटवर चिकटपट्टीनं लावले. गाडी अशी दिसे का तिले गोवरच निघाला. मंग मोकळ्या रस्त्यावर जोरात काढली अन् स्टेअरिंगवरून पाहू लागला. बॉनेटवरचे धागे सारे मागं झोपले. बंपरचे धागे फडफडून तुटूनच गेले. पण काचेच्या बुडाशी, जिथं बॉनेट संपते अन् काच सुरू होते, तिथले धागे झोपत नव्हते. जागच्या जागी गरगरत, उलटे पुढं येत. वारा तिथं येऊन काचेले धडके अन् दबून बसे. संत्र्याच्या बागेतून गेलं का पानं नेहमी तिथंच काऊन जमतात, हे त्याले सहा वर्षांनी समजलं.

शनिवारी त्यानं काचेच्या बुडाशी पत्रा कापला, नरसाळं आडवं बसवलं, पाईप आत घेतला. पानं अडवाले जाळी काही मिळेना. संध्याकाळी सरला आली, चहाची गाळणी त्याच्या हातात देल्ली.

"अन् चहा?"

"उद्या घाटावर पिऊ. नाही त मंग रघुनाथरावकडं."

रविवारी सकाळी सरला गाडीत बसली. बसली म्हणजे जवळजवळ झोपलीच, इतकी ती खाली.

"अहो, मले रस्ता दिसून नाही राहिला. त्या म्हशीचं पोट दिसून राहिलं फक्त."

"पोट पाहा. म्हैस चांगली आहे."

रामाकोना गेलं, घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. जिथं नवरी ट्रकात चढली होती ती जागा आली. मागंही गेली. इंजिनाच्या गरमीचा काटा जिथल्या तिथं होता. इंजिन असं श्वास घेऊन राहिलं होतं जसा पहाटे नांगराले जुंपलेला बैल.

शेवटची दोन वळणं राहिली, त समोर छिंदवाड्याची बस बंद पडलेली. लोकं खाली उतरलेले. त्यात सरलाच्या शाळेच्या मोठ्या बाई, सुनंदाबाई, गुडघे धरून दगडावर बसल्या होत्या.

"थांबवा," सरला म्हणाली.

प्रभाकरनं वेग कमी केला नाही. "सरला, थांबली त गेली."

"मोठ्या बाईयचे गुडघे पाहा."

"शर्त तूच लावली!"

"मंग मीच थांबवून राहिली ना. तुमची गाडी कुठं आपल्या मनानं थांबून राहिली? थांबवा म्हणते."

त्यानं थांबवली. सुनंदाबाई बसल्या. त्यायच्या मागं त्यायची बहीण, बहिणीची सून, सुनेचं लेकरू, एक टोपलं, अन् कोणाची कोण ते कोणालेच माहीत नाही अशा दोन बाया. गाडी इतकी दबली का खालून रस्त्याची गिट्टी मोजता आली असती. उभा चढ, तापलेलं इंजिन, आठ जीव. प्रभाकरनं चावी फिरवली.

गाडी एकदा हलली. मंग बाप्पा, अशी निघाली का बसचे सारे लोक टाळ्या वाजवाले लागले. कंडक्टर म्हणे, "हे आमची बसही ओढते का पाहा!"

वर पोहोचल्यावर साऱ्या बाया टपरीवर गेल्या. प्रभाकरनं बॉनेट उघडलं अन् पाईपावर हात ठेवला. माठावर ठेवल्यासारखा थंड. त्यानं बॉनेट लावलं. मंग सरलाकडं गेला.

"उतर ना. चहा सांगतला आहे."

सरला सीटवर मागं रेलली होती. पाय लांब केले होते, डोळे मिटले होते.

"इथंच आणा," ती म्हणाली. "अन् गाडी विकाची नाही, असं कार्ड रघुनाथरावले मी टाकते."