सतरा नंबरचा दगड

मुकादमाने बूट घातले, नाड्या बांधल्या, दारापर्यंत गेला, परत आला आणि खुर्चीत बसून नाड्या सोडल्या. सकाळपासून हे तिसऱ्यांदा चाललं होतं. पंचाहत्तरीच्या माणसाच्या पायाला भिंगरी लागली तरी ती फिरून फिरून फिरणार कुठवर, तर दारापर्यंत आणि मागे.

मुलगी ओट्याशी उभ्याउभ्याच चहा पीत होती. टेबलावर तिचं कामाचं सामान मांडलेलं होतं: तारेचा ब्रश, पांढऱ्या रंगाचा डबा, दोन बारीक कुंचले आणि जाड पुठ्ठ्याची नोंदवही. वरच्या जंगलात जुन्या काळच्या खुणा सांगणारे तेवीस दगड होते. इथे जकातीचं नाकं होतं, इथे चुनाभट्टी होती, इथे दोरीचा पूल होता, असे. वन कार्यालयात त्या दगडांची देखभाल तिच्याकडे. वर्षातून दोनदा शेवाळ खरवडायचं, अक्षरांत रंग भरायचा आणि वहीत ‘जागेवर आहे’ असं लिहून सही करायची. कार्यालयात तिला सगळे दगडताई म्हणायचे. तिला त्याचा राग येत नसे, उलट अभिमान वाटे, कारण तेवीसही दगड तिच्या बापाने बसवले होते.

“बाबा, धड बसा तरी, नाहीतर धड उठा तरी. तीन दिवस बघतेय. काय बिनसलंय तुमचं?”

“काही नाही. गुडघा.”

“गुडघा दुखणारा माणूस गप बसून राहतो. येरझाऱ्या घालत नाही.”

“पोकलेन किती वाजता सुरू होणार म्हणालीस?”

“दहाला. शंभरदा सांगून झालं.”

घोडं इथेच पेंड खात होतं. दहाला पोकलेन सुरू होणार होतं, आणि ते कुठे खणणार आहे हे जिवंत माणसांपैकी एकट्या मुकादमाला ठाऊक होतं.

सतरा नंबरच्या दगडावर नऊ नावं होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी डोंगराची कड सुटली आणि लाकूडतोड्यांचं खोपटं आतल्या नऊ माणसांसकट गाडलं गेलं. खणायला जे गेले त्यांत मुकादम होता. पाच दिवस खणून चुलीवरच्या पातेल्याचं एक झाकण तेवढं हाती लागलं. मग वरून पुन्हा माती यायला लागली आणि काम थांबवलं. माणसं तिथेच राहिली. वर्षभराने जंगलात खुणेचे दगड बसवायचं ठरलं, तेव्हा ते कामही मुकादमाकडेच आलं. बावीस दगड बिनबोभाट बसले. सतरावा त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण त्या जागेची चढण सगळ्यांत वाईट.

दगड खेचरावरून जायचे. खोपट्याच्या जागेपासून तीनशे पावलं खाली, वळणावर, खेचर बसलं. ओढलं, ढकललं, चुचकारलं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण ते ढिम्म. “आज इथेच उतरवू, उद्या दुसरं जनावर आणतो,” खेचरवाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडलं. आडवा पडलेला दगड तडकू नये म्हणून मुकादमाने तो वळणावरच उभा केला आणि बुडाशी चार घमेली चुना ओतला. तात्पुरता.

बर्फ वितळल्यावर तो पहार घेऊन दगड हलवायला गेला. बघतो तर दगडापाशी एक तरुण बाई बसलेली. नऊ नावांपैकी चौथ्या नावावर हात ठेवून ती बोलत होती. घरमालकाने एकदाचा नळ दुरुस्त केला, कात्रीला धार लावून आणली, शेजारीण भांडली, असलं काहीबाही. नवरा कामावरून घरी आल्यावर सांगावं तसं. त्या बाईला ‘उठा, तुमचा माणूस इथे नाही’ म्हणायला जे काळीज लागतं ते मुकादमाकडे नव्हतं. तो पहार घेऊन परतला. पुढच्या वर्षी सांगू म्हणाला. पुढच्या वर्षी साहेबलोक येऊन भाषणं करून गेले आणि जागा वहीत चढली. एकदा वहीत चढलं की डोंगरालासुद्धा तिथून हलता येत नाही.

तरी इथवर एक वेळ निभावलं असतं. चुकीचा दगड कुणाच्या वाटेत येत नव्हता. पण यंदा वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता काढायचं निघालं, आणि नकाशातली रेघ नेमकी सतरा नंबरवरून गेली. मुलगी हट्टाला पेटली. चार महिने ती कार्यालयात सगळ्यांशी भांडली आणि शेवटी तिचंच खरं झालं: दगडाच्या पन्नास पावलांत कुणी फावडं लावायचं नाही. खाली दरी, म्हणून रस्ता वरून न्यायचा, आणि गाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून लांब वळसा घालून थेट कड्याखालून. तीन दिवसांपूर्वी तिने नवा नकाशा टेबलावर पसरला तेव्हा तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. “बाबा, तुमच्या दगडाला धक्का लागू दिला नाही मी!” मुकादमाने चष्मा लावून रेघ पाहिली. ती त्या नऊ जणांच्या अंगावरून जात होती.

पोरीने केलं ते चांगुलपणाने केलं. त्याचंच त्याला जास्त लागलं.

साडेआठ वाजले. मुलीने वही काखेत मारली. मुकादमाने चौथ्यांदा नाड्या बांधायला घेतल्या आणि मध्येच सोडून दिल्या.

“अगं, जरा बस,” तो म्हणाला. “दगड जागेवर नाही.”

“कोणता?”

“सतरा नंबर. कधीच नव्हता.”

मग त्याने सगळं सांगितलं. खेचर, बर्फ, चुना, पहार. शेवटी ती बाई. मुलगी खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होती.

“पंधरा वर्षं,” ती शेवटी म्हणाली. “वर्षातून दोनदा. म्हणजे तीस वेळा मी ‘जागेवर आहे’ लिहून सही केलीये.”

“हो.”

“आणि कुंचला कसा धरायचा, अक्षरांत रंग कसा भरायचा, ते मला त्याच दगडापाशी बसवून शिकवलंत.”

“हो.”

“हो हो काय करताय बाबा!” तिने कप इतक्या जोरात ठेवला की त्याचा कान तुटला. “हे बाहेर पडलं तर माझी नोकरी जाईल. तुमच्या नावावर लोक थुंकतील. आणि नाही सांगितलं तर...”

मुलीने खिडकीतून वर डोंगराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नाही सांगितलं तर काय बिघडेल, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. तो आला, क्षणभर रेंगाळला आणि तिलाच त्याची किळस आली.

“बूट घाला,” ती म्हणाली. “आणि अजून एक. वर मावशी आल्यात. त्याच, तुमच्या दगडापाशी बसणाऱ्या, शिवणवाल्या. दगड शाबूत आहे ते डोळ्यांनी बघा म्हणून मीच बोलावलंय त्यांना.”

मुकादमाने नाड्या कशाबशा आवळल्या.

गाडीत तो काच खाली करी, वर करी. “सावकाश चालव,” म्हणाला. मग पुढच्याच वळणावर म्हणाला, “सावकाश काय चालवतेस? दहा वाजतील!” मुलीने गिअर बदलला.

वळणावर पोकलेन धडधडत उभं होतं. पिवळं शिरस्त्राण घातलेला रस्त्याचा साहेब ड्रायव्हरला हातवारे करून काही समजावत होता. आणि सतरा नंबरच्या दगडाशी घडीच्या स्टुलावर शिवणवाली बसली होती. आता तिचे केस पांढरे झाले होते, बोटं सुयांनी जाड झाली होती, पण हात त्याच चौथ्या नावावर होता.

मुलीने आधी साहेबाला गाठलं. तो ऐकता ऐकता हसायलाच लागला. “ताई, चार महिने डोकं खाऊन तुम्हीच रेघ वर ढकललीत. आता म्हणता वर नको? म्हाताऱ्यांच्या आठवणीवर काम थांबवू मी?”

“आठवणीवर नको,” मुकादम धापा टाकत म्हणाला. “वर कड्याखाली माणूस पाठवा. मोठ्या भेगेच्या डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर शेवाळ खरवडा. लोखंडी कडं सापडेल. ओंडके खाली सोडायचा दोर त्यात बांधायचे. खोपटं त्या लोखंडापासून दहा पावलांवर होतं.”

ड्रायव्हरच पाना घेऊन वर गेला. यंत्र बंद झाल्यावर जंगल एकदम इतकं शांत झालं की शेवाळावर पाना घासल्याचा आवाज खालपर्यंत आला. मग लोखंडावर लोखंड वाजलं.

“आहे!” ड्रायव्हर वरून ओरडला. “मनगटाएवढं कडं आहे साहेब!”

साहेबाने शिरस्त्राण काढून हातात घेतलं. आता हसण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. तो फोन घेऊन बाजूला गेला.

शिवणवाली उठून उभी राहिली होती. “काय आहे वर?” तिने विचारलं. “मुकादम, काय सापडलं?”

मुलगी पुढे झाली, पण मुकादमाने तिला हाताने मागे सारलं. इतकी वर्षं ज्या वाक्याने त्याची झोप खाल्ली ते वाक्य तोंडातून बाहेर पडायला फारसा वेळ लागला नाही. “बाई, तुमचे मालक इथे नाहीत. वर आहेत. दगड मी चुकीच्या जागी लावला, आणि तुम्हाला इथे बसलेलं पाहिलं, म्हणून सांगितलं नाही.”

तिने एकदा दगडाकडे आणि एकदा वर कड्याकडे पाहिलं. शिव्या आल्या असत्या तर त्याने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

“मग एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होते?” ती म्हणाली.

तिने स्टूल घडी करून दगडाला टेकवलं.

“चला,” ती म्हणाली. “दाखवा.”

मुलीने तिला हात देऊ केला. तिने तो घेतला नाही. “यांनाच घेऊन जाऊ दे.”

जी चढण तरण्या खेचराने नाकारली ती त्या दोघांनी चढायला घेतली. दहा पावलं चढायची आणि थांबायचं. ती त्याच्या खांद्याला धरून होती, आणि तिची बोटं तिथे किती जोराने रुतत होती ते त्यालाच ठाऊक. वाटेत ती बोलली. सरळ पुढे बघत, धाप लागेल तसं थांबत बोलली.

“दरवर्षी तुम्ही मला रामराम करत होतात.”

“हो.”

“एकदा पावसात मला छत्री दिलीत.”

“हो.”

“सांगायचं होतं, मुकादम. रडले असते, चार दिवस पडून राहिले असते, मग वर जाऊन बसले असते. तेव्हा पाय होते मला.”

मुकादमाचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत, कारण एक हात तिला आधार द्यायला होता आणि दुसरा झाडाला धरायला.

वर काहीच नव्हतं. नेच्यांनी भरलेला उतार, दोन वाकडी झाडं, कड्यावर शेवाळातून नुकतंच उघडं पडलेलं गंजकं कडं. त्याने हाताने जागा दाखवली. ती जमिनीवर बसली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. नाव नव्हतं, दगड नव्हता. तिने नेचे बाजूला केले, मातीवर पंजा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला.

“इथे मला काही सुचत नाही,” ती म्हणाली. “खाली सवय होती. ती पण गेली.” आणि मग, त्याच्याकडे न बघता, “जा तुम्ही आता.”

तो उतरायला लागला. खाली मुलगी दगडाला टेकून उभी होती. वही उघडून तिने लिहिलं होतं, ते तो जवळ आल्यावर तिने त्याला दाखवलं: ‘सतरा नंबर. जागेवर नाही. पंधरा वर्षांच्या नोंदी चुकीच्या.’ खाली तिची सही होती. त्याने तिच्या हातातून पेन घेतलं आणि तिच्या सहीच्या वर लिहिलं, ‘दगड मी चुकीच्या जागी बसवला. माहीत असून गप्प राहिलो.’ अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

“साहेब म्हणतायत काम आठवडाभर बंद,” मुलगी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. तो बरेच दिवस जाणार नव्हता. “चला बाबा. मावशींना उतरवायला मी माणसं घेऊन येते.”

तेवढ्यात वरून आवाज आला. आधी बारीक, मग चढत गेलेला. शिवणवाली बोलत होती, बोलत कसली, भांडत होती. नवरा जिवंत असताना घराघरांत बायका भांडतात तसं, पाणी न पिता.

“अहो, मी खाली घसा फोडत होते तेव्हा एक हाक मारता आली नाही तुम्हाला? एक? बसले असते ना इथे येऊन! पाय होते तेव्हा बसले असते!”

मुकादम जागच्या जागी थांबला. मुलीने त्याच्या कोपराला धरलं.

“चला ना, बाबा.”

“थांब,” तो म्हणाला. “तिचं बोलून होऊ दे.”