उभ्या गाडीचा वेग

मानवजातीने वेगाच्या युगात पाऊल टाकलं होतं. अमेरिकेतल्या सपाट नेब्रास्कातलं एल्डन गाव मात्र इंजिनाच्या तहानेवर जगत होतं. वाफेचं इंजिन पाणी प्यायला थांबे, तेवढ्यात उतारू हुल्डा क्वामेच्या खानावळीत डोनट आणि कॉफी उरकत.

मग 'प्रेअरी कॉमेट' ही नवी गाडी आली. रुपेरी, गुळगुळीत, डिझेलवाली. तिला तहानच नव्हती. ती रोज हुल्डाच्या खिडक्या खडखडवत निघून जाई. पाणी पिणाऱ्या गाड्या एकेक करून बंद होत होत्या.

आणि एका मंगळवारी कॉमेट थांबली. बरोब्बर खानावळीसमोर.

"ऑर्व्हिल, बघत काय बसलास? चुलीत कोळसा घाल! थांबा मिळाला आपल्याला!" हुल्डा ओरडली.

स्टेशनमास्तर ऑर्व्हिल प्रुइटने कप खाली ठेवला. "मला तार नाही आली."

"तुला तार येईपर्यंत प्रलय होऊन जाईल. ऊठ!"

परात भरून डोनट घेऊन हुल्डा धावली. डब्यांत चिटपाखरू नव्हतं. इंजिनाला वळसा घालून ती रुळांपलीकडे गेली, तर तिथे एक माणूस कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं खुपसून उभा होता.

"बाई, बाजूला व्हा. पोस्टकार्डाचा फोटो आहे."

"पण गाडी थांबली ना?"

"थांबवली. पळत्या गाडीचा फोटो लोणी फासल्यासारखा येतो. उभी करून काढायचा, वारा नंतर ब्रशाने घालायचा."

"मग इथेच का?"

"रूळ सरळ आहेत. मागे काही नाही."

"मागे मी आहे."

"तेच म्हणतो मी," तो डोनट उचलत म्हणाला. "छान झालेत हो."

तरीही हुल्डा परत आत गेली, धुतलेला एप्रन बांधला आणि खानावळीच्या पाटीखाली ताठ उभी राहिली. कार्डावर खानावळ दिसली, तर कुणीतरी कंपनीला विचारेल, इथे का थांबत नाही?

शरद ऋतूत कार्डं आली. गाडी सुसाट, मागे वाऱ्याच्या पांढऱ्या रेघा. खानावळीच्या जागी बर्फाच्छादित पर्वत.

ऑर्व्हिलने चष्मा पुसून कार्ड निरखलं. "तू बहुतेक शिखराच्या जरा डावीकडे असशील."

"मी इथे जन्मले," हुल्डा म्हणाली. "टेकडीसुद्धा पाहिली नाही कधी."

हिवाळ्याआधी तिने दाराला फळ्या ठोकल्या. कार्डांचा गठ्ठा ऑर्व्हिलच्या तिकीट खिडकीत तसाच राहिला. कॉमेटच्या उतारूंसाठी तो फुकट होता, फक्त त्यासाठी एल्डनला उतरावं लागे.