चुलीच्या खोलीतले ड्रम

मेबानचा फोन आला तेव्हा डाकेरलिन पुढच्या खोलीत पालथी पडून, फळ्यांच्या जमिनीला कान लावून पायाच्या मोठ्या ड्रमवर हातानं थापा मारत होती. थाप ड्रमवर पडायची आणि घुमायची तिच्या पोटाखाली.

"रविवारपर्यंत, लिन," मेबान म्हणाला. "त्यापुढं मला थांबता येणार नाही. इथं एक पोरगा तयार बसलाय. तुझ्याइतका चांगला नाही वाजवत, पण इथं आहे."

इथं म्हणजे बंगळुरूत. चौघांचा बँड होता, त्यातले मेबान धरून तिघं डिसेंबरात शिलाँग सोडून तिकडं गेले. लिन राहिली, कारण ती घरातली धाकटी मुलगी. खासी लोकांत धाकटीला घर मिळतं, असं बाहेरचे लोक मोठ्या कौतुकानं सांगतात. घरासोबत आई मिळते, आईचे गुडघे मिळतात, चूल मिळते, सुट्टीत बहिणींची पोरं मिळतात, हे कोणी सांगत नाही. लिनची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण बँडही तिचाच होता. नाव तिनं ठेवलं होतं, पहिलं गाणं तिच्या ठेक्यावर बसलं होतं. तिनं मेबानला सांगितलं होतं, मी घरीच ड्रम रेकॉर्ड करून पाठवते, तुम्ही बाकीचं चढवा. तो म्हणाला होता, एक गाणं पाठवून दाखव. आता शुक्रवारची दुपार कलून गेली होती, आणि रविवारी, चर्चच्या दिवशी, त्यांच्या मावलाई वस्तीत कोणी खिळासुद्धा ठोकत नाही, ड्रम तर लांबच.

सामान तसं थोडकंच होतं. जुना लॅपटॉप, दोन मायक्रोफोन, आणि दोन वायरी घेऊन आवाज कॉम्प्युटरच्या पोटात सोडणारा मुठीएवढा डबा. एक मायक्रोफोन डोक्यावर, एक पायाच्या ड्रमसमोर. नवशिक्यानं एवढ्यावर भागवावं, असं तिनं शोधून काढलं होतं. ड्रम तिनं पुढच्या खोलीत मांडले होते. दुसरीकडं कुठं मांडणार? घरातली चांगली वस्तू पुढच्या खोलीतच असते. काचेचं कपाट, त्यातले कधी न वापरलेले पेले, आजोळच्या माणसांचे फोटो, विणलेले रुमाल, आणि आता लाल चकाकणारे ड्रम. पाहुणे येऊन बघून जात होते.

पहिल्यांदा रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कोणीतरी भांड्यांचं पोतं जिन्यावरून सोडल्यासारखं वाटलं. झांज वाजली की कपाटातले पेले तिला साथ देत होते. मग तिनं घरातल्या सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. त्यावर आवाज असा झाला, की ड्रमवाली सर्दीनं बेजार आहे. झांजा मेल्या, पण खालची घरघर तशीच. वाजवताना सगळं छान लागायचं. ऐकताना तीच मुलगी अडाणी वाटायची. दोन्हींच्या मधे कुठं काय बिघडतंय, हे तिला कळेना, आणि न कळलेली गोष्ट लिनला जेवू देत नसे. म्हणून ती जमिनीवर पालथी होती.

"बहिणीच्या घरात पाऊल टाकावं तर भाची जमिनीला मिठी मारून," दारातून स्टारसन मामा म्हणाला. "ऊठ. घर कुठं पळून चाललं नाही."

मामा सुतार. खासी मामा राहतो बायकोच्या घरी आणि हुकूम सोडतो बहिणीच्या घरी. स्टारसन मामा त्याला अपवाद नव्हता. लिनला वाटलं, आता रजयांवरून बोलणी बसणार. पण मामानं क्वाई, म्हणजे पानसुपारी, गालात सरकवली आणि विचारलं, "काय ऐकत होतीस?"

"मामा, मी ड्रम वाजवते आणि आवाज जमिनीतून येतो."

"येणारच. ही जमीन मी बसवली आहे. खाली हातभर पोकळी आहे. वर फळ्या, खाली हवा. तुझ्या ड्रममधे दुसरं काय असतं? तू एक वाजवतेस, त्याच्यासोबत माझाही वाजतो. आणि तुझं हे काठीवरचं," त्यानं मायक्रोफोनकडं बोट केलं, "माझ्याच ड्रमवर पाय रोवून उभं आहे. ते बिचारं तरी काय ऐकणार?"

 तीन दिवस लिननं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची बटणं फिरवली होती. जमिनीला विचारायचं सुचलं ते आज.

"आणि वरचा कलकलाट?"

 मामानं एकदा जोरात टाळी वाजवली. टाळी संपली, पण पत्र्याखाली आणि कपाटाच्या काचेत ती थोडा वेळ चिरचिरत राहिली. लिननं मायक्रोफोनची वायर लांब करून तो हातात घेतला, कानांवर हेडफोन चढवले आणि ती त्याच्या मागं निघाली. निजायच्या खोलीत टाळी गाद्यांत बुडाली. बोळात ती तारेसारखी टणकारली. मामा प्रत्येक खोलीत टाळी वाजवून थांबायचा, आणि लिन मान हलवायची. शेजारच्या बाईनं खिडकीतून डोकावून विचारलं, प्रार्थना चालली आहे का.

शेवटी मामा मागच्या चुलीच्या खोलीत शिरला. ठप्प. टाळी आली, भरलेली आली आणि वेळेवर निघून गेली.

"परत," लिन म्हणाली. मामानं परत वाजवली. तिनं हेडफोन काढून नुसत्या कानांनी ऐकलं, मग परत घातले. दोन्हीकडं तीच टाळी. 

खोली काळीकुट्ट होती. तीन भिंतींना आढ्यापर्यंत रचलेलं चिरलेलं जळण, कोपऱ्यात बटाट्यांची पोती आणि पाठीवरच्या टोपल्यांची चळत, पायाखाली चोपून बसवलेली माती.

"सपाट भिंतीवरून आवाज चेंडूसारखा परत येतो," मामा म्हणाला. "इथं जळणात शिरतो आणि वाट चुकतो. आणि ही माती वाजणार नाही, नाचलीस तरी." मग जरा ओशाळून त्यानं पुस्ती जोडली, "करवतीचा आवाज मला इथंच बरा वाटतो. का, ते आज कळलं."

चुलीपाशी मेई बसली होती. मेई म्हणजे लिनची आई. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ते लाल सामान इथं?" मेई म्हणाली. "धुरात? लोक काय म्हणतील, पोरीनं ड्रम घेतले आणि सरपणात टाकले?"

"मेई, दोनच दिवस."

"चूल विझणार नाही."

"नको विझवू. निखाऱ्यावर राख ओढ फक्त."

"आणि मासे खाली उतरणार नाहीत."

चुलीवर छताला दोरांनी बांबूची मांडणी टांगलेली होती. तिच्यावर मासे सुकत होते, ओलं जळण वाळत होतं. लिननं वर पाहिलं. मांडणी जमिनीला कुठंच शिवत नव्हती. लिन मामाकडं वळली, तर मामाही वरच बघत होता.

"मेई," ती म्हणाली, "मासे राहू देत. त्यांच्या शेजारी मला जरा जागा दे."

शनिवारी सकाळी ड्रम चुलीच्या खोलीत आले. मामानं बांबूच्या एका टोकाला मायक्रोफोन बांधला, दोर ओढून तो लिनच्या डोक्यावर आणला, आणि दुसरा एका पोत्यावर आडवा ठेवला. मेईनं राख ओढली, आणि बाहेर जायला साफ नकार दिला. लिननं हेडफोनमधे ठेक्याची टिकटिक लावली, बंगळुरूहून आलेलं गिटारचं रेकॉर्डिंग लावलं आणि सुरू केलं. पहिल्या खेपेला मधल्या शांत जागेत मेईनं अडकित्त्यानं सुपारी फोडली. दुसऱ्या खेपेला कोंबडी आली. तिसऱ्या खेपेला लिन मायक्रोफोन विसरली, मेईला विसरली, रविवारही विसरली. गाणं संपलं तेव्हा मेई म्हणाली, "एवढं का आपटतेस?" पण तिचा पाय अजून हलत होता.

लिननं ऐकलं. जे वाजवलं तेच होतं. कपाट नव्हतं, पत्रा नव्हता, जमीन नव्हती. ती मातीतच बसून रडली, आणि धुरामुळं असं सांगायची तिला गरजही वाटली नाही. दिवेलागणीला गाणं बंगळुरूला गेलं.

रविवारी चर्चहून येऊन सगळे डुकराच्या रश्शाशी भात खात होते तेव्हा फोन वाजला. लिननं तो सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"कुठला स्टुडिओ?" मेबाननं सुरुवातच तशी केली. "खरं सांग. इथला माणूस विचारतोय."

"आमच्या चुलीची खोली."

"थट्टा नको करूस. बरं, ऐक. फार झकास झालंय. तो पोरगा आता नको. तू एक काम कर, प्रत्येक ड्रम सुटा सुटा वाजव. हळू, जरा जोरात, जोरात. दहा-दहा ठोके पुरेत. ते पाठवून दे. बाकीची आठ गाणी मी त्याच ठोक्यांवरून इथं कॉम्प्युटरवर मांडतो. तुला तेवढा त्रास नको, घरचं बघायचं असतं तुला. नाव तुझंच राहील."

लिननं घास ताटात ठेवला. कुठंतरी फार जोरात लागलं तिला. त्या दुसऱ्या पोराची भीती परवडली. तो निदान वाजवणार तरी होता.

"काय म्हणतोय?" मामानं विचारलं.

"माझा आवाज हवाय त्याला. मी नकोय."

"तसं नाही गं," फोनमधून मेबान म्हणाला.

"मेबान, सुटे ठोके नाही मिळणार. गाणी पाठव, मी वाजवते. आठच्या आठ."

"वेळ लागेल त्याला."

"लागेल."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मेईनं ताटावरून मान वर केली. लिननं फोन जवळ ओढला. "तर काल पाठवलेलंही पुसून टाक. ते चौघांचं गाणं आहे. तिघांना त्याचं काही काम नाही."

 पलीकडं कुजबूज झाली, खुर्ची सरकली, बासवाल्या पोराचा आवाज आला, "मला नाही वाजवायचं मशीनबरोबर. पाठव तिला." आणखी थोडी कुजबूज. "पाठवतो," मेबान पडेल आवाजात म्हणाला. "आज दोन. उरलेली बुधवारी."

फोन ठेवल्यावर लिनला भूक असल्याचं आठवलं. दोन घास खाऊन ती हळूच म्हणाली, "मेई, महिनाभर चुलीची खोली दुपारी रिकामी लागेल. तुझी हरकत नसेल तर."

मेईनं तिच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "चूल तुझी आहे. तू सांग, मी जेवायला कधी यायचं."