खलबत्त्याला फुटलेला घाम

दुबईजवळच्या अजमानमधल्या त्या व्हिलासमोर मोटारींची रांग लागली होती. ऑगस्टची संध्याकाळ, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. एसीच्या मोटारीतून उतरलं की प्रत्येकाचा चष्मा पांढरा होई. माणसं तो सदऱ्याला पुसत आणि लगबगीनं व्हरांड्यात शिरत. कारण तिथं दगडाला घाम फुटत होता.

साल २००९, मंदीचं. नोकरी गेलेले येत होतेच. जाण्याची भीती असलेले त्यांच्याही आधी येऊन पुढची जागा धरत.

प्रमिलाबाई मात्र मागे, दाराशी बसल्या. चौथीत शाळा सुटली होती, पण तोंड कधी सुटीवर गेलं नव्हतं. आज मुलासाठी त्यांनी ते दाबून धरलं होतं. विलास मार्बलच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, कंपनी बुडाली. आता अल ऐनला एका हॉस्पिटलच्या बांधकामावर सुपरवायझरची जागा चालून आली होती. आठ वाजेपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर ती दुसऱ्याला. व्हिसा संपत आलेला. आणि महाराज म्हणाले होते, "नको घेऊस."

"आई, ते म्हणतात जुनी कंपनी परत बोलावेल," विलास सांगत होता. "मॅनेजरचा सुपरवायझर होऊ मी?"

"मार्बलच होशील असं वाटतंय. बसून बसून."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. घरमालक राजाभाऊंनी चाकांच्या पाटावरून संगमरवरी मूर्ती बाहेर ढकलली. शुभ्र दाढी, कुरळे केस, खांद्यावर भगवी शाल. मागून शुभ्रानंद महाराज आले. त्यांचा झब्बा मूर्तीपेक्षा पांढरा होता.

"भक्तहो! इटलीच्या पर्वतातून हे ऋषी स्वतः प्रकटले. मनुष्याची छिन्नी नाही, हातोडा नाही! आणि आता बघा, तुमच्या वाटचा घाम देव गाळतो. मग तुम्ही कशाला धावाधाव करता? धीर धरा. सब हो जाएगा, इन्शाल्ला!"

शेवटचा शब्द दुबईच्या भक्तांसाठी खास होता.

खरोखरच दगडावर थेंब धरले. कपाळावर, नाकावर, मग दाढीवरून ओघळ. बायका वाट्या घेऊन पुढे सरसावल्या. विलासनं हात जोडले.

प्रमिलाबाई उठल्या. "महाराज, दुपारी प्रसाद करायला आले तेव्हा माझी एक वस्तू ऋषींच्या पायाशी ठेवली होती. तुम्हीच परवानगी दिलीत."

"हो माताजी, आशीर्वादासाठी!"

त्यांनी पाटावरच्या फुलांतून आपला संगमरवरी खलबत्ता उचलला. तो निथळत होता.

"ह्यालाही घाम फुटला," त्या म्हणाल्या. "ह्यात आम्ही आलं-लसूण कुटतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज हसले नाहीत. "बघा, संगतीचा महिमा! देवाची कृपा खलापर्यंत पोचली!"

"आणि राजाभाऊंच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीपर्यंत?"

राजाभाऊंनी बाटलीकडे पाहिलं. फ्रिजमधून काढलेली बाटली घामाघूम झाली होती. त्यांनी ती पाठीमागे लपवली.

"दारात तुम्हा सगळ्यांचे चष्मेही घामेजले होते. चष्म्याला कुणी नमस्कार केला नाही."

"काकू, श्रद्धेचा विषय आहे," राजाभाऊ पुटपुटले.

"त्या खोलीत मी दुपारी गेले, तर दात वाजायला लागले. दगड दिवसभर तिथं गारठतो, मग ह्या दमट हवेत येतो. हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. एवढंच. आज ऋषींना रात्रभर बाहेर ठेवा, सकाळी कोरडे निघतील."

"देवाला उष्मा सहन होत नाही!" महाराज ओरडले. "देव कोपेल!"

"देव कोपेल की एसीचं बिंग फुटेल?"

आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी शाल ओढली. ऋषींची पाठ खरखरीत होती, बारीक रेघांनी भरलेली. मानेखाली पाइप जाण्याएवढं भोक होतं.

"आमच्याकडे पाट्याला छिन्नीनं टाकी लावायला बाया यायच्या, तेव्हा असेच ओरखडे पडायचे," त्या म्हणाल्या. "पण मला इटली काय माहीत? विलास, तू कंपनीच्या कामाला जाऊन तो डोंगर बघून आलायस ना? सांग ह्यांना, तिथं दगड स्वतः प्रकटतो का."

विलास पुढे झाला, त्या पाठीवर बोटं फिरवली.

"हे दातेरी छिन्नीचे," तो हळू म्हणाला. "पाठ भिंतीकडे असते, म्हणून घासत नाहीत. केसांतली ही भोकं ड्रिलची. आणि हा ऋषी नाही. हे कारंज्याचं शिल्प आहे. तोंड चंदनानं बुजवलंय."

मग त्याचा आवाज चढला. "प्रकटतो काय? तिथं आता हिऱ्यांचे कण बसवलेल्या तारेनं डोंगर कापतात. पूर्वी तर भेगेत लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतायचे. लाकूड फुगलं की दगड तडकायचा. मग साबण लावलेल्या ओंडक्यांवरून अख्खा ठोकळा दोरांनी आवरत खाली सोडायचा. दोर तुटला की खालची माणसं गेली! पिढ्यान् पिढ्या माणसं चिरडलीत त्या डोंगरात. आणि म्हणे माणसाचा हात नाही!"

कंपनी बुडाल्यापासून एवढं सलग तो बोलला नव्हता.

महाराजांनी ध्यानाची वेळ झाल्याचं सांगितलं आणि ते आत गेले. दार लावलं, एसी चालू झाल्याचा आवाज आला. वाट्या घेतलेल्या बायका वाट्यांकडे बघत राहिल्या.

"ते तीर्थ नाही गं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एसीतून पडणारं पाणी असतं ना, तेच आहे. कुंडीला घाला."

विलास बाहेर जाऊन फोनवर बोलत होता. "येस सर, सुपरवायझर. हो, मार्बलचंच काम. उद्या निघतो." परत आला तेव्हा त्याचा चष्मा स्वच्छ होता आणि मान घामानं भिजली होती.

प्रमिलाबाईंनी पदरानं ती पुसली, मग खलबत्ता पुसला. जाता जाता चपला शोधणाऱ्यांना त्या एवढंच म्हणाल्या, "दगडाला घाम फुटला तर आधी तो कुठून आणला ते बघा. हात जोडायला नंतरही वेळ असतो. आणि माणसाला फुटला असेल, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या. दगड काही तुमच्या वाटचं काम करत नाही."