झेंडू आणि शेवटची कुपी

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते, हे परदेशी पाहुण्यांना सांगायचं नाही असा अलिखित नियम आहे. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, सेंट्रिफ्यूजला हार. प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनीता मॅडमची अट एकच, की पेशी वाढवायच्या उबदार कपाटाची, म्हणजे इन्क्युबेटरची, पूजा बाहेरून करायची आणि त्या दिवशी त्याचं दार उघडायचं नाही. फुलांबरोबर बुरशी आत गेली तर पेशी संपल्याच.

आतल्या पेशी माझ्या होत्या. उंदराच्या स्नायूंच्या, आठ आठवडे तळहातावरच्या फोडासारख्या जपलेल्या. एम.एस्सी.चा सगळा प्रबंध त्यांच्यावर होता. लोखंडाला फुलं आणि जिवंत पेशींना काही नाही, हे मला पटेना. प्रयोगशाळेतल्या अनंतामामांनी गावाहून आणलेल्या झेंडूतलं एक फूल मी गुपचूप आत ठेवलं. अक्कल गहाण ठेवली म्हणतात, ती हीच.

दसरा आणि रविवार मध्ये गेले. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर प्रत्येक डिशमध्ये बुरशीची लव! मी फूल उचलून खिशात कोंबलं आणि मॅडमना बोलावलं.

"दार कोणी उघडलं?" मॅडमनी विचारलं.

पंचवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळणारे अनंतामामा पुढे आले. "मी नाय उगडलं, मॅडम. पन खोलीची चावी माज्याकडं होती, तवा जबाबदारी माजीच."

"मग आजपासून चावी माझ्याकडे द्या," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "याच पेशींची एक गोठवलेली कुपी उरली आहे. शेवटची. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याच्याच हातात देईन."

गप्प बसले असते तर कुपी माझीच होती. मामांनी चावी कमरेच्या करगोट्यातून सोडवायला घेतली. मला ते बघवेना. मी खिशातून तो कुजका झेंडू काढून टेबलावर ठेवला.

"मी ठेवला होता. आत."

मॅडमनी ते फूल पेनाच्या टोकाने उलटून पाहिलं.

"नैवेद्य नाही ना दाखवलास?"

"नाही, मॅडम."

"उपकार झाले. पेढा ठेवला असतास तर मुंग्यांवर प्रबंध लिहावा लागला असता." मग त्या मामांकडे वळल्या. "चुकलं माझं, मामा. चावी ठेवा तुमच्याकडेच. आणि हिच्याकडून इन्क्युबेटर चार वेळा पुसून घ्या."

"आणि कुपी?" मी चाचरत विचारलं.

"तुलाच. पेशींना फूल वाहणारी मुलगी त्यांना उपाशी तरी ठेवणार नाही. पण पुन्हा भक्ती उतू गेली, तर बघ."

मामांनी चार म्हणता पाच वेळा पुसायला लावलं, आणि मी आनंदाने पुसलं. कुपी कोमट पाण्यात वितळवली, पेशी नव्या डिशमध्ये सोडल्या. आता त्या तळाला चिकटल्या तर जगल्या. तरंगल्या तर मेल्या.

दुसऱ्या दिवशी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला बघायचा धीरच होईना. "तुम्ही बघा, मामा."

मामांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "बऱ्याच चिकटल्यात, पोरी. आन् ही एक बघ, मदी बारीक झालीय. एकीच्या दोन व्हत्यात!"

मी पाहिलं. खरंच होत होत्या. मॅडमना हाक मारायला गेले, पण रडू आणि हसू एकदमच आलं. शेवटी हाक मामांनीच मारली, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी.