वरच्या आळीची विहीर

माझी आय भामाबाई, वय ऐंशीच्या वर. दिवाळीपासनं तिनं एकच धोशा लावला व्हता, "सख्या, मरायच्या आधी वरच्या आळीच्या विहिरीचं पाणी पिऊन बघायचंय."

"अगं, विहीर धरणात बुडून पन्नास वर्सं झाली!" मी वराडलो. "तिच्यावरच मी पर्यटकांना बदकाच्या बोटी देतो, इसरलीस व्हय?"

"मग ने की तुज्या बदकातनं."

घ्या! म्हातारीपुढं कुणाचं काय चालतंय? जुन्या गावात त्या विहिरीला आमच्या लोकांनी शिवायचं न्हाई, असा कायदा. आमी ओढ्यात खड्डा करून गढूळ पाणी प्यायचो. धम्म घेतला, तरी गावाचा कायदा काय बदलला न्हाई.

शेवटी पौषातल्या एका सकाळी तिला तरंगायचं जाकीट चढवलं आन् बदकाच्या पायडल बोटीत बसवलं. पाण्यावर धुकं पसरल्यालं. काठ दिसंना, धरणाची भिंत दिसंना. पायडलचा तेवढा चुबुक चुबुक आवाज. आपण पाण्यावर हाय का सपनात, तेच मला कळंना. खाली गाव निजल्यालं, आन् आमी त्याच्या छपरांवरनं चाललोय, असं वाटलं.

"उजवीकडं घे," आय म्हणाली. "आता सरळ. हां, थांब."

"तुला काय ठावं हितंच हाय ते?"

तिनं वर बोट केलं. धुक्याच्या वर डोंगर मोकळा व्हता, बेडशाच्या लेण्याचं काळं तोंड नीट समोर. "विहिरीकडं बघायची सोय न्हवती. म्हून रोज हितनं जाताना मी लेण्याकडं बघायची."

तिनं हात पाण्याकडं नेला आन् झटकन मागं घेतला. मान वळवून चारी बाजूला बघितलं. धुक्यात कोण असणार, कपाळ! पण मला असा राग आला, असा राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"घे की गं आये! कुणाच्या बापाचं हाय?"

तिनं ओंजळ भरली. डोळे मिटून सावकाश प्याली. मग रिकाम्या ओंजळीत वाकून बघितलं.

"काय झालं? नासकं लागलं का?"

"न्हाई रं. साधंच हाय की." ओली ओंजळ तिनं तशीच मांडीवर धरली व्हती. "येवढं राखत व्हते, म्हून मला जलमभर वाटायचं, लय ग्वाड असंल."